सहा ते सहा : पुण्याहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींच्या पुस्तकांविषयी

मागे एकदा प्रवासवर्णनांवर बोललो, तेव्हा शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की तुम्ही जपानची, युरोपची प्रवासवर्णनं घेऊन बसता, पण जी पुस्तकं हातात घेऊन माणसं खरोखर घराबाहेर पडतात त्यांच्यावर कधी बोलणार? प्रश्न रास्त होता. प्रवासवर्णन आपण आरामखुर्चीत वाचतो आणि त्यातल्या गावी बहुधा जात नाही. पुण्याच्या आसपास एका दिवसात काय पाहावं हे सांगणाऱ्या पुस्तिका, रविवारच्या पुरवण्यांमधली सदरं, सहलींची टिपणं मात्र शनिवारी रात्री वाचली जातात आणि रविवारी सकाळी सहाला अमलात येतात. मराठीत दुसरं कुठलं लेखन इतक्या तातडीने आचरणात येत असेल? पाककृतींचं, कदाचित. (हशा) आणि तरी या लेखनाच्या वाट्याला समीक्षा आलेली नाही. आज ती थोडी करू.

आधी आमची बाजू सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कुणी काढेल. आम्ही पाचसहा मित्रमैत्रिणी. गेली वीसपंचवीस वर्षं रविवारी लोकांना घेऊन बाहेर पडतो. दुकान नाही, संस्था नाही, वर्गणी काढून बस ठरवायची आणि जायचं. सुरुवातीच्या काळात आम्हीही अशी एक पुस्तिका काढली होती, चोवीस पानी. तेव्हा ज्या लेखनावर आज टीका करणार आहोत त्यात आमचाही हात आहे, आणि सगळ्यात वाईट चूक आमच्याच पुस्तिकेत आहे. ती पुढे येईल.

या लेखनाची एक ठरलेली चौकट आहे. वर ठिकाणाचं नाव. त्याखाली अंतर : पुण्यापासून अमुक किलोमीटर. मग 'कसे जाल', 'काय पाहाल', 'जेवणाची सोय', 'पाणी', 'योग्य काळ'. मध्ये एक परिच्छेद 'ऐतिहासिक महत्त्व'. शेवटी एक वाक्य हमखास की सकाळी लवकर निघाल्यास संध्याकाळी सहापर्यंत पुण्यात परत येता येते. ही चौकट वाईट नाही. लहान मुलं, म्हातारे आईवडील घेऊन निघालेल्या माणसाला जेवण कुठे मिळेल हे कळणं गरजेचं असतं, आणि आम्ही त्या गरजेला नावं ठेवणार नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की चौकट काहीतरी दाखवते आणि काहीतरी झाकते, आणि जे झाकलं जातं ते दरवेळी तेच असतं.

त्यातलं पहिलं म्हणजे अंतर. प्रत्येक नोंद पुण्यापासून मोजलेली. यात काय चुकलं, वाचणारा पुण्यातच राहतो की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण ही मोजणी आली कुठून हे जरा पाहू. १८८५ साली पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला अठरावा खंड, तीन भागांत. त्याच्या शेवटच्या भागात जिल्ह्यातल्या ठिकाणांची वर्णानुक्रमे यादी आहे आणि गावाची ओळख बहुधा अशीच सुरू होते की पुण्याच्या अमुक दिशेला इतके मैल. ती साहेबाची सोय होती. कचेरी पुण्यात, दौरा पुण्यातून. आमच्या मराठी सहल-लेखकांनी कळत नकळत हीच वहिवाट उचलली. गंमत अशी की गॅझेटियरकार त्याच नोंदीत लोकसंख्या किती, आठवड्याचा बाजार कुठल्या वारी, शाळा आहे का, हेही लिहून ठेवतो. त्याला सारा वसूल करायचा होता, म्हणून का होईना, गावात माणसं राहतात हे तो विसरला नाही. आम्ही मैल घेतले, माणसं आणि बाजाराचा वार सोडून दिला.

अंतराच्याच पोटातून 'पायथ्याचं गाव' हा शब्दप्रयोग येतो. हा आम्हाला फार खटकतो. सह्याद्रीतल्या शेकडो गावांची ओळख आपल्या पुस्तकांत 'पायथ्याचे गाव' एवढीच आहे. गावातल्या माणसाला विचारा, तो स्वतःला पायथ्याचा म्हणणार नाही. त्याच्या लेखी गड वर असतो, गुरं चरायला जातात तिथे, नाहीतर नवरात्रात देवीला तेल घालायला जायचं तिथे. आम्ही स्वतः आमच्या पुस्तिकेत हा शब्द एकतीस वेळा वापरला आहे. मोजला. बसून मोजला.

आता काही नोंदी जवळून वाचू. कार्ल्यापासून सुरुवात करू, कारण पुण्यातल्या प्रत्येक शाळेची सहल एकदा तरी तिथे गेलेली असते. नोंदीत येतं ते असं की पुण्यापासून साधारण ६० किलोमीटर, भव्य चैत्यगृह, खांबांवर हत्ती आणि त्यांवर बसलेली जोडपी, छताच्या लाकडी कमानी आजही शाबूत. सगळं खरं. मग एक सूचना येते की लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचं देऊळ असल्याने गर्दी असते, चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत जाणं टाळावं.

ही सूचना देणारा लेखक पुण्याकडून आलेला असतो, म्हणून त्याला ती गर्दी मध्येच उपटलेली वाटते. पण कार्ल्याच्या खांबांवर आणि भिंतींवर जे लेख आहेत ते पाहा. दान देणारी माणसं कुठून आली? धेनुकाकटाची आहेत, त्यांत यवन म्हणवून घेणारेही आहेत. एक सोपाऱ्याचा आहे. चैत्यगृह पुरं करवणारा शेटजी वैजयंतीचा. ही घाट चढून किंवा घाटाकडे उतरत जाणारी माणसं. किनाऱ्यावरच्या बंदरांकडून बोरघाटाने देशावर येणारी जी वाट होती, तिच्या अंगाला हे लेणं आहे. त्या काळच्या हिशोबात पुणे कुठेच नव्हतं. आणि आज चैत्रात एकवीरेला कोण येतं? मुंबई-ठाणे-रायगडचे कोळी, पालख्या घेऊन, वाजतगाजत, त्याच दिशेने, घाट चढून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ज्या बाजूने दाते आले त्याच बाजूने आज भक्त येताहेत, आणि आमचा लेखक म्हणतो की गर्दी टाळा. अहो, त्या लेण्याकडे जाण्याची मूळ रीत जर कुणाकडे थोडीफार शिल्लक असेल तर ती त्या गर्दीकडे! शांतपणे शिल्प पाहायचं असेल तर वेगळा दिवस निवडा, काहीच हरकत नाही. पण मग नोंदीत तसं लिहा. देवीची माणसं म्हणजे लेण्याच्या वाटेतला अडथळा असं लिहू नका.

सिंहगडाचं फार सांगत नाही. तिथल्या नोंदींत एकच जागा अस्सल असते, ती जेवणाची. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मातीच्या छोट्या मडक्यातलं दही. लेखक तिथे एकदम मोकळा होतो, त्याला चव आठवते. 'ऐतिहासिक महत्त्व' आलं की मात्र पुन्हा पाठ म्हणायला लागतो. १६७०, तानाजी मालुसरे, संपलं. तानाजी मोठाच, त्याच्याबद्दल वाद नाही. पण त्याच गडावर १७०० साली राजाराम महाराज गेले, त्यांची समाधी तिथेच आहे आणि दहातले आठ लोक तिच्यावरून दही खात पुढे जातात. त्याही आधी, चौदाव्या शतकात, नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने हा गड महंमद तुघलकाच्या फौजेविरुद्ध महिनोन् महिने लढवला होता. गडाचं नाव कोंढाणा होतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्या नावाच्या काळात तिथे कोण होतं याची चौकशी नाही. टिळकांचा बंगला असतो, कारण त्याच्या दाराशी फोटो काढता येतो.

आणि ते दह्याचं मडकं विकणारी बाई? तिच्याबद्दल नोंदीत 'स्थानिकांकडून घरगुती जेवण मिळते' एवढंच. 'स्थानिक' हा आणखी एक शब्द. आम्ही सदाशिव पेठेत राहतो तर आम्हाला कुणी स्थानिक म्हणत नाही, पुणेकर म्हणतात. (हशा) नाही, हसू नका, जरा विचार करा. ती दूध कुठून आणते, गडावर किती वाजता येते, पावसाळ्यात दरड पडून रस्ता बंद झाला की त्या रविवारी तिचं काय होतं, यातलं एक वाक्य आलं असतं तरी पुढचा वाचक मडक्याच्या किमतीवरून घासाघीस करताना थबकला असता.

आता जिथे आम्हाला खरोखर भांडायचं आहे तिकडे येतो. ते म्हणजे पाणी. पुण्याच्या पश्चिमेला जिथे म्हणून 'विहंगम जलाशय' असं लिहिलेलं दिसेल तिथे ते धरण आहे हे लक्षात घ्या. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, मुळशी. यातला एकही तलाव निसर्गाने केलेला नाही. पण आपल्या पुस्तकांत त्यांची वर्णनं अशी येतात की जणू डोंगर आणि पाणी एकाच दिवशी जन्माला आले. पुणेकरांना तरी हे शोभत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि अर्धं जुनं पुणं पाण्याखाली गेलं. ज्यांच्या घरात आजही भिंतीवरच्या पुराच्या खुणेची गोष्ट सांगितली जाते, त्याच घरातली मुलं पानशेतला नौकाविहाराला जातात आणि त्यांच्या हातातल्या माहितीत त्या तारखेचा उल्लेख नसतो.

मुळशीचं तर फारच वाईट. मुळशीच्या नोंदीत धुकं असतं, धबधबे असतात, ताम्हिणी घाट असतो, हल्ली रिसॉर्टंही असतात. १९२१ साली याच जागी शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणात जमिनी जाणार होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते या लढ्यामुळे. जगातलं धरणाविरुद्धचं पहिलं मोठं आंदोलन म्हणून राजेंद्र व्होरांनी त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला आहे. लढा हरला, धरण झालं, गावं गेली. आम्ही चाळलेल्या नोंदींत, आमच्या स्वतःच्या धरून, या गोष्टीला एक ओळसुद्धा मिळालेली नाही. १६७० ची लढाई 'ऐतिहासिक महत्त्व' आणि १९२१ ची नाही, हे कुणी ठरवलं?

आणि ते पाणी पुढे जातं कुठे, हेही बघण्यासारखं आहे. मुळशीचं पाणी मुळेतून पुण्याकडे यायचं, ते वळवून घाटाखाली भिऱ्याला वीजघरात सोडलं जातं आणि तिथून कुंडलिका नदीत. कोलाडला राफ्टिंग करायला जातात ना, ते ज्या पाण्यावर चालतं ते हेच. वीजघरातून सकाळी पाणी सुटलं की नदी भरते आणि तराफे निघतात. म्हणजे एका रविवारी मुळशीचा 'जलाशय' आणि दुसऱ्या रविवारी कोलाडचा 'थरार', या एकाच पाण्याच्या दोन सहली आहेत, आणि पुस्तकात त्या पंचवीस पानांच्या अंतरावर, एकमेकींना न ओळखणाऱ्या. कुणीतरी हे जोडून लिहावं, इतकी सुंदर सहल होईल! वर बुडालेल्या खोऱ्यापासून खाली नदीपर्यंत. आम्ही दोनदा केली आहे. एका दिवसात जरा ओढाताण होते, पण होते.

पवनेबद्दल बोलताना गोनीदांचं नाव घ्यायलाच हवं. गो. नी. दांडेकरांनी दोन गोष्टी केल्या. 'दुर्गभ्रमणगाथा'सारखी पुस्तकं लिहिली, ज्यांनी दोनतीन पिढ्या घराबाहेर काढल्या. आणि कादंबऱ्या लिहिल्या, ज्यांत गडाभोवतीची माणसं आली. 'माचीवरला बुधा' वाचून किती लोक राजमाचीला गेले असतील त्याची गणती नाही. 'पवनाकाठचा धोंडी' तुंग गडाच्या हवालदाराच्या घराण्याची गोष्ट आहे, आणि ती धरण होण्याआधीच्या पवनेकाठची आहे. आमची गोनीदांबद्दल एक तक्रार आहे, ती आदर ठेवून सांगतो. त्यांच्या माणसांभोवती इतकं तेज असतं की वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक असेच राहावेत, आपण अधूनमधून येऊन बघून जाऊ. बुधा मुंबई सोडून माचीवर येतो हे आपल्याला आवडतं, कारण आपण मुंबई सोडणार नसतो. पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी होती आणि पुढच्या सहल-लेखकांनी नेमकी ती घेतली नाही. त्यांच्या लेखनात गडावर जायचं म्हणजे कुणाच्या तरी ओसरीवरून जायचं. त्या माणसाला नाव आहे, घर आहे, भाषा आहे. आजच्या टिपणात ओसरीच्या जागी पार्किंग आलं आहे.

आज पवनेकाठी तंबू लागतात. शनिवार-रविवारी रांगाच्या रांगा, शेकोटी, गाणी. पैसा गावात येतो, काही तरुणांना रोजगार मिळतो, आम्ही त्याला वाईट म्हणणार नाही. पण याच पवनेच्या पाण्यावरून, पिंपरी-चिंचवडकडे नेण्याच्या बंद जलवाहिनीच्या विरोधात, मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. ज्या रस्त्याने आपण पवनेला जातो त्याच रस्त्यावर. हे लिहिल्याने सहल बेचव होते, असं आम्हाला एका संपादकांनी एकदा सांगितलं होतं. होत असेल. पण मग सिंहगडावर रक्त सांडलं हे मात्र चवीने लिहायचं, याची संगती आम्हाला लागत नाही.

आता आमची चूक. पुस्तिकेत एका डोंगराच्या नोंदीत आम्ही लिहिलं होतं : 'पाणी – वाडीत मिळेल.' आम्ही डिसेंबरात गेलो होतो तेव्हा मिळालं होतं, एका घरातल्या बाईंनी हंड्यातून काढून दिलं होतं. पुस्तिका विकली गेली, हातोहात झेरॉक्स झाली. पुढे काही वर्षांनी आम्ही एप्रिलच्या अखेरीला पुन्हा तिथे गेलो, सोबत चाळीस माणसं. त्याच दाराशी थांबलो. त्याच बाई होत्या. त्यांनी आम्हाला ओळखलं नाही, पण पुस्तिका ओळखली. म्हणाल्या, "ते पुस्तकात आमच्या घरचं पाणी लिवलंय म्हणं. दर आयतवारी लोकं येत्यात. म्या खालच्या झऱ्यावरनं दोन हंडं आणती, त्यातला एक तुमालाच जातो. न्हाई कसं म्हनायचं तहानल्याला?" आमच्यातला एकही जण बोलला नाही. बाई रागावल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. आम्ही तीन शब्द लिहिले होते, आणि त्या तीन शब्दांनी एका बाईला दर रविवारी डोंगराच्या पोटातल्या झऱ्यावर एक खेप जास्त घालायला लावली होती, किती वर्षं कोण जाणे.

तेव्हापासून आम्ही 'मिळेल' हे क्रियापद तपासायला लागलो. एकदिवसीय सहलींच्या लेखनात ते सगळीकडे आहे. पाणी मिळेल, जेवण मिळेल, वाटाड्या मिळेल, मंदिरात मुक्काम करता येईल. कोण देणार, कशातून देणार, वाक्यात कर्ताच नाही. झाडाला लागल्यासारखं मिळणार. व्याकरणाच्या पुस्तकात याला काय म्हणतात ते म्हणोत, आम्ही याला पाहुण्याचं क्रियापद म्हणतो.

पावसाळ्याकडे वळतो, कारण यात जीव जातात आणि म्हणून यात शब्दांची जबाबदारी जास्त आहे. 'योग्य काळ : जून ते सप्टेंबर', 'पावसाळ्यात अवश्य भेट द्यावी', ही वाक्यं तुम्ही शंभरदा वाचली असतील. ३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी १५ जूनला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने पडला, चार जण गेले. अशा घटनांनंतर लोक म्हणतात की पर्यटक बेफिकीर असतात. काही असतातही. पण आम्हाला विचारायचंय की त्यांच्या हातात जी माहिती होती तिने त्यांना काय सांगितलं होतं?

भुशीचं उदाहरण घ्या. हे धरण मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी बांधलेलं. भरलं की सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं, तिथे लोक बसतात, हे सर्वत्र लिहिलेलं असतं. त्याच्या वर, मागे, ओढे उतरतात. त्या ओढ्यांचं पाणलोट क्षेत्र वरच्या डोंगरावर आहे. तुम्ही उभे आहात तिथे भुरभुर असते आणि वर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. सह्याद्रीच्या माथ्यावर माती थोडी, कातळ फार. पाणी मुरत नाही, थेट खाली येतं. पाच-दहा मिनिटांत घोट्याएवढं पाणी कमरेला लागतं आणि ते मधल्या खडकावर उभ्या असलेल्या माणसाला परतीची वाट ठेवत नाही. पाण्याचा रंग एकदम मातकट झाला, आवाज बदलला, काटक्या-पाला वाहून यायला लागला की बाहेर पडायचं. हे आम्हाला एका गुराख्याने सांगितलं, कुठल्याही पुस्तकाने नाही. हे तीन वाक्यांत मावतं. 'अवश्य भेट द्या'च्या जागेत सहज बसलं असतं. जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात मनाईचे आदेश काढतं, पण आदेशात 'का' नसतं, आणि 'का' सांगणं हे लेखकाचं काम आहे, फलकाचं नाही.

माळीणचं सांगून मग शेवटाकडे येतो. ३० जुलै २०१४ ला पहाटे आंबेगाव तालुक्यात डोंगर खचला आणि माळीण गाव त्याखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. बाहेरच्या जगाला हे कळलं कसं, तर त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाच्या लक्षात आलं की गाव जागेवर नाही. आम्ही त्या भागातून भीमाशंकरला कितीतरी वेळा गेलो होतो. बातमी आली तेव्हा आम्ही एकमेकांना विचारलं, आपण असतो तर आपल्या लक्षात आलं असतं का? उत्तर आम्हाला माहीत होतं. आम्ही धुक्याचे फोटो काढले असते.

म्हणून आम्ही म्हणतो की ही पुस्तकं कुणीतरी एस.टी.त बसून लिहायला हवीत. गाडी परवडत नाही म्हणून नव्हे हो. एस.टी. गावात थांबते, आपली गाडी वाहनतळावर थांबते. एस.टी.त कोण चढतं, कुणाच्या हातात काय आहे, पोरं कुठल्या थांब्यावर शाळेला उतरतात, बाजाराचा वार कुठला, शेवटची गाडी किती वाजता, ती चुकली तर गावातली माणसं काय करतात, हे आपोआप कळतं. गॅझेटियरकाराला साऱ्यासाठी जे कळत होतं ते आपल्याला सहलीसाठी कळेल.

(एका श्रोत्याने इथे विचारले : मग या रविवारी कुठे जायचं ते सांगा.)

बरं, सांगतो. टीका केली की सोयीचं उत्तर द्यायला लागतंच. भाजे. पण सहाला निघू नका. सगळी पुस्तकं सांगतात की सकाळी लवकर निघा, आणि भाज्याच्या बाबतीत ते साफ चूक आहे. लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर चैत्यगृहात काळोख आणि दगडावर दगड. घरी जेवून निघा. लोणावळा लोकलचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, दुपारच्या गाड्यांमध्ये अंतर मोठं असतं. मळवलीला उतरा, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून पायी गावात या, अर्धा तास. पाणी घरून न्या, पुरेल एवढं. वर गेलात की आधी उजवीकडे चालत राहा, स्तूपांचा घोळका लागेल, चौदा आहेत, काही आत, काही बाहेर. त्यापलीकडच्या विहारात रथावरचा आणि हत्तीवरचा असे दोन कोरलेले देखावे आहेत, ते कुणाचे यावर अभ्यासकांत वाद आहेत, तुम्ही नुसते बघा. आणि साडेचारच्या सुमाराला परत चैत्यगृहाशी या. ऊन कमानीतून आत शिरलेलं असेल. खांब आतल्या बाजूला कललेले आहेत ते तेव्हा कळतं, लाकडी घराची नक्कल आहे ती, भार पेलायला लाकडाचे खांब तसे कललेले ठेवत. वरच्या लाकडी कमानींवर ऊन पोचायला पाच वाजतात. तेवढं थांबा. सहाला घरी पोचणार नाही, साडेसातची लोकल धरावी लागेल. गावात चहा घ्या, आणि ज्यांनी दिला त्यांना भाज्याचा बाजार कुठल्या गावी भरतो ते विचारून ठेवा. आमच्या पुस्तिकेत ते नाही.